सोलनंतर लुआ

शिगमो, म्हणजे गोव्यातला शिमगा, आला की फोंड्यातल्या माझ्या मावसभावाची झोप उडते. रोमटामेळाची नाचती मिरवणूक नि चित्ररथ यांच्या एका रात्रीचे हजार-बाराशे फोटो, त्यातले अंधारातले दाणेदार वेगळे काढायचे. मध्यंतरी त्याने माउसच्या क्लिकांची नक्कल करणारं एक साधन लावून पाहिलं. खिडकी बोटभर सरकली आणि त्या बहाद्दराने शेजारचंच बटण तीनशे वेळा दाबलं.

आता तो डार्कटेबल हे फोटो लावायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या पोटातच लुआ नावाची छोटी प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली आहे. फोटो आत आला की त्याचा आयएसओ (उजेड कमी तसा कॅमेऱ्यात वाढवला जाणारा आकडा) बघ, ३२०० च्या वर असेल तर 'रात्र' हा टॅग लाव, एवढंच चार-सहा ओळींत लिहायचं. बटण पडद्यावर कुठे आहे, याच्याशी काही देणंघेणं नाही.

लुआ १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. तिथली मंडळी पेट्रोब्रास या तेलकंपनीसाठी काम करत होती, आणि वापरणारे अभियंते काही प्रोग्रामर नव्हते. आधीच्या भाषेचं नाव सोल, पोर्तुगीजमध्ये सूर्य. म्हणून ही लुआ, चंद्र. गोव्यात सोल म्हटलं की आधी आमसूलच आठवतं. पण पोर्तुगीज शाळेत शिकलेले वाड्यावरचे काका ही जोडी ऐकून खुदकन हसले.

गंमत आहे ती जोडणीत. लुआ ज्याच्या पोटात बसते तो मूळ प्रोग्राम बहुधा सी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला. तिथे मेमरीचा हिशेब प्रोग्रामरने ठेवायचा. लुआ आपला केर, म्हणजे वापरून झालेली मेमरी, आपणच काढते. एकमेकींच्या घरात शिरल्या तर गोंधळच. म्हणून मधे एक थप्पी असते, स्टॅक. सीने आपल्या एखाद्या फंक्शनला, म्हणजे ठरलेलं काम करणाऱ्या तुकड्याला, नाव देऊन ते लुआच्या हवाली करायचं. स्क्रिप्टने, म्हणजे लुआत लिहिलेल्या ओळींनी, ते नाव घेतलं की लागणारी माहिती थप्पीवर येते, सी ती उचलते, काम करते, उत्तर पुन्हा थप्पीवर ठेवते. जे फंक्शन दिलंच नाही, ते मागायला स्क्रिप्टकडे शब्दच नसतो. डार्कटेबल मात्र दिलदार: फोटो पुसायची मुभाही देतं. त्यामुळे भाऊ नवी स्क्रिप्ट आधी नकलांवरच चालवतो.

पहिल्याच दिवशी देवळाच्या गाभाऱ्यातले भर दुपारचे फोटो 'रात्र' टॅग लावून बसले. आयएसओला उजेड कमी आहे एवढंच कळतं, घड्याळ नाही. मग फोटो काढल्याची वेळ तपासणारी आणखी एक ओळ वाढली.