बेकारी आणि तिच्यामागचा रोष (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापुरात 'बेकार' म्हणजे काम नसलेला माणूस नव्हे, 'नोकरी' नसलेला माणूस. पहाटे म्हशींची धार काढणारा, दुपारी उसाला पाणी पाजणारा आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसणारा पदवीधर गल्लीत बेकारच समजला जातो. सरकारी पाहणीत मात्र तोच कामकरी ठरतो. जिल्ह्यातल्या रोषाचे बरेचसे मूळ या दोन हिशेबांमधल्या अंतरात आहे.

देशात एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होते. त्यानुसार देशातला बेकारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. १५ ते २९ वयोगटात तो याच काळात १७.८ वरून १०.२ झाला. आकडे उतरणीचे आहेत आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. फक्त ते काय मोजतात हे पाहिले पाहिजे. वर्षभराच्या हिशेबात कोणी दुय्यम म्हणून तीस दिवस काम केले असेल, तरी तो कामकरी होतो. आठवड्याच्या हिशेबात एखाद्या दिवशी तासभर काम केलेले पुरते. घरच्या शेतात किंवा गोठ्यात बिनपगारी राबणेही कामच धरतात.

करवीर किंवा कागल तालुक्यातले एखादे घर घ्या. दोन भावांत मिळून एक एकर ऊस, दोन म्हशी. धाकटा बीएस्सी. दूध डेअरीत जाते, दर दहा दिवसांनी बिल येते, ते आईच्या हातात पडते आणि किराण्यात संपते. एकरी पस्तीस टन ऊस निघाला आणि टनाला तीन हजार धरले, तर लाखभर रुपये होतात. लागवडीपासून तोडणीपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते, आणि बियाणे, खत, पाणीपट्टी, मशागत वजा जाता हातात निम्मे राहिले तर नशीब. त्याचे पुन्हा दोन वाटे. या घरात कोणी उपाशी नाही आणि सर्वेक्षणाला येथे बेकार सापडणार नाही. 'धाकटा काय करतोय?' या प्रश्नाला मात्र आई 'काय न्हाई, घरातच हाय' असेच उत्तर देते.

नोकरीला एवढी किंमत येण्यामागे या शहराचा इतिहासही आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली आणि खेड्यातले पोर कोल्हापुरात राहून शिकू लागले. शिकणे म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे माणसात येणे, ही सांगड येथे तीन-चार पिढ्यांपूर्वीच पक्की झाली. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी गावोगाव पोचली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८.७६ लाख आणि साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर होती. पदव्या वाढल्या त्या वेगाने पदे वाढली नाहीत, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

नोकरी देणारी जुनी ठिकाणेही आटत गेली. १९०६ मध्ये पायाभरणी झालेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे लोक शहरात अजून आहेत. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि पुढे सगळे गाव मागांवर जगले. तेथे मजुरी ५२ पिकाच्या (इंचात ५२ आडवे धागे असलेल्या) कापडाला मीटरमागे किती पैसे, अशी ठरते. सूत महागले किंवा कापडाला उठाव नसला की माग थांबतात आणि मजूर घरी बसतो. नव्या स्वयंचलित मागांना माणसे कमी लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो, त्यामुळे तेथेही बऱ्याच जागा हंगामीच.

उरतो तो ओतकामाचा आणि यंत्रभागांचा उद्योग: शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. कोल्हापूरची खरी गुंतागुंत येथे दिसते. कारखानदार म्हणतात माणसे मिळत नाहीत, पोरे म्हणतात नोकरी मिळत नाही, आणि दोघांचेही खरे असते. भट्टीजवळ आणि फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला) बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले कामगार दिसतात. 'आपल्या पोरांना अंगमेहनत नको,' हे त्यावरचे ठरलेले भाष्य. ते अर्धेच खरे आहे. जी पोरे पहाटे वैरणीचे भारे वाहतात, पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावतात, त्यांना घामाचे वावडे कसले? हरकत असते ती ठेकेदाराच्या हजेरीला. पगार कारखाना देत नाही, ठेकेदार देतो. वर्षात २४० दिवस भरून कायद्याने हक्क लागू होण्याआधी 'ब्रेक', म्हणजे कामात खंड, दिला जातो. बारा तासांच्या पाळ्या करून दहा वर्षांनीही पोरगा हेल्परचा ऑपरेटर होईलच असे नाही. आयटीआय करून सीएनसी किंवा व्हीएमसी (संगणकाने चालणारे) मशीन शिकलेल्याला काम लवकर मिळते. बीए झालेल्याला त्याच शॉपमध्ये झाडलोटीपासून सुरुवात करावी लागते, आणि ती करायला त्याचे शिक्षण आड येते. त्यातून हा उद्योग वाहनांच्या आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर उभा. तिकडे मंदी आली की इकडे पाळ्या कमी होतात. २०१९ मध्ये तसेच झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला आणि पुढच्या वर्षी कोविड. वीजदर वाढले की उद्योजक कर्नाटकात जाण्याची भाषा करतात. सीमा येथून तासाभराच्या आत आहे, त्यामुळे ती नुसती धमकी वाटत नाही.

मग राहते सरकारी भरती. 'ॲड निघाली का?' हा अभ्यासिकांतला रोजचा प्रश्न. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला शुल्क हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. एवढे अर्ज आल्यावर बहुसंख्यांना नकार मिळणार हे गणितच आहे आणि ते पोरांना कळतेही. संताप येतो तो त्या आधीच्या गोष्टींचा. आरोग्य विभागाच्या २०२१ च्या भरतीचा पेपर फुटला. जाहिरात, परीक्षा, निकाल, नियुक्ती यांच्यामध्ये वर्षे जातात आणि तेवढ्यात वय निघून जाते. 'नापास झालो असतो तर चाललं असतं, पण परीक्षा तरी घ्या,' असा या तक्रारीचा सूर असतो.

डीएडची (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेची) गोष्ट त्याहून वाईट. एके काळी दहावी-बारावीला चांगले गुण मिळालेल्या मुलींनी हमखास नोकरी म्हणून डीएड केले. मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरतीच थांबवली, आणि नंतर ती तुकड्यातुकड्यांनी होत राहिली. अध्यापक विद्यालये ओस पडली. त्या मुलींची लग्ने झाली आणि त्या आकडेवारीतूनच गेल्या, कारण घरकाम करणारी आणि नोकरी न शोधणारी बाई 'बेकार' धरत नाहीत.

सैन्याची वाट या जिल्ह्यात जुनी. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला नावच 'सैनिक टाकळी' पडले. कोविडमुळे दोन वर्षे सैन्यभरती बंद राहिली, आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षांची सेवा, त्यातले पंचवीस टक्केच पुढे कायम. मैदानावरची गर्दी त्यानंतरही हटलेली नाही.

सहकारी संस्थांतल्या नोकरीचे व्याकरण वेगळे आहे. साखर कारखाना, दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था येथे नोकरी 'मिळत' नाही, कोणीतरी 'लावते'. 'पोरग्याला कुठंतरी लावा की सायेब' ही विनंती प्रत्येक पुढाऱ्याच्या दारात रोज होते, आणि लागला की 'चिकटला' म्हणतात. या क्रियापदांत उमेदवाराचे कर्तृत्व शोधून सापडत नाही. न लागलेली पोरे निवडणुकीत झेंडे बांधतात, वाढदिवसाचे फलक लावतात, कारण पुढच्या वेळी नाव निघेल ही आशा असते. बेकारीचा राग राजकीय बंड न होता एका नेत्याकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो, त्याचे एक कारण हे असावे.

उघड रोष बहुधा दसरा चौकातून किंवा बिंदू चौकातून निघून जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो आणि निवेदन देऊन परततो. पदवीच्या झेरॉक्स जाळणे, बूटपॉलिश, भजी तळणे असे प्रकार मधूनमधून होतात. सर्वांत मोठा जनसमुदाय मात्र १५ ऑक्टोबर २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चाला जमला. मोर्चा आरक्षणाचा होता, पण शेतीचे तुकडे आणि न मिळणारी नोकरी या दोन गोष्टी त्याखाली होत्या. पुढे २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करणे, २०२४ चा नवा दहा टक्क्यांचा कायदा, असे चालत राहिले. एकीकडे टक्क्यांवरून भांडण, दुसरीकडे पदेच कंत्राटी होत जाणे: बाहेरच्या कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये विरोधामुळे मागे घ्यावा लागला. आरक्षण असणारा आणि नसणारा हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा पद कायमचे की अकरा महिन्यांचे हा प्रश्न बाजूला पडतो.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ, पदवीधरास दहा. मुदत सहा महिने, नंतर ती वाढवली. मुदत संपताच प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून रस्त्यावर आले, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नव्हते.

न दिसणारा रोष लग्नाच्या बोलणीत असतो. 'मुलगा काय करतो?' याला 'शेती आणि जोडधंदा' हे उत्तर चालत नाही. शेतकरी बाप स्वतःच्या मुलीसाठी शेतकरी जावई नाकारतो. तिशी ओलांडलेले अविवाहित तरुण प्रत्येक गावात आहेत.

बाकीचे पुणे धरतात. रविवारी रात्री कावळा नाक्यावरून खासगी बस भरून जातात: हिंजवडी, चाकण, रांजणगाव. रेशनकार्डावर नाव गावातच राहते, मतदानाला आणि जत्रेला पोरगा येतो. पण सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्याने सर्वेक्षणात तो घरच्या कुटुंबात धरला जात नाही.