कटिंगभर हवा

ताजं घोसाळं मऊ असतं. तेच वाळलं की अंग घासायला वापरण्याइतकं ताठ आणि तंतुमय होतं. आयपीएफ, म्हणजे इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, या आजारात फुफ्फुसावर आतून व्रण पडत जातात आणि त्याचं असंच काहीसं होतं. पाठीला स्टेथोस्कोप लावला की वेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखा आवाज येतो. 'इडिओपॅथिक' म्हणजे कारण ठाऊक नसलेला. वैद्यकात अज्ञानालाही भारदस्त नाव मिळतं!

२०१४ साली अमेरिकेत या आजारावर पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिबला मंजुरी मिळाली. ही औषधं व्रण वाढण्याचा वेग कमी करतात, झालेला व्रण पुसत नाहीत. शिवाय पोटात घेतल्यामुळे ती अंगभर फिरतात, त्यामुळे कुणाला मळमळ, कुणाला जुलाब. मग औषध थेट फुफ्फुसातच का सोडू नये? पण थेंब ५ मायक्रॉनहून बराच मोठा असला की घशातच अडकतो, अगदीच बारीक झाला तर उच्छ्वासाबरोबर परत जातो.

ट्रेप्रोस्टिनिल हे मुळात फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. फुफ्फुसाच्या अशा आजारांतून तिथला रक्तदाब वाढलेल्या ३२६ रुग्णांवर ते फवाऱ्यातून तपासलं गेलं. १६ आठवड्यांनी ते घेणारे ६ मिनिटांत, इतरांच्या तुलनेत, ३१ मीटर जास्त चालत होते. मात्र आकडे चाळताना दिसलं, की त्यांची हवा फुंकण्याची क्षमताही सुधारली होती. असा मागाहून सापडलेला आकडा भुरळ घालतो, पण तो पुरावा नव्हे. म्हणून आयपीएफमध्ये हेच तपासायला 'टेटॉन' चाचण्या आखल्या गेल्या.

इथे सगळी मदार स्पायरोमेट्रीवर. नाकाला चिमटा, नळी ओठांत घट्ट, छातीभर श्वास, आणि समोरून हाकारा: "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका!" शेवटी जेमतेम खोकला आवरतो. बाहेर पडलेली एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. उपचार नसतील तर आयपीएफमध्ये ती वर्षाला साधारण २०० मिलिलिटरने घटते.

अमेरिका-कॅनडाबाहेर झालेल्या टेटॉन-२ मध्ये सुमारे ६०० रुग्ण होते. उद्दिष्ट होतं दिवसातून ४ वेळा, दर वेळी १२ झुरके, ५२ आठवडे. बहुतेकांची आधीची औषधंही चालूच होती. २०२५ मध्ये निकाल आला: औषधाचा फवारा घेणारे आणि बिनऔषधाचा घेणारे, या दोन गटांच्या एफव्हीसीत औषधाच्या बाजूने ९५.६ मिलिलिटरचा फरक. टपरीवरचा एक कटिंग चहा! वर्षाकाठच्या २०० च्या घसरणीपुढे मला तो लहान वाटत नाही.

खोकला हा या फवाऱ्याचा ठळक दुष्परिणाम, तोही आधीच खोकून बेजार झालेल्यांना. आणि निम्म्या लोकांच्या यंत्रात औषध नव्हतंच. कोणत्या यंत्रात काय आहे हे न कळता दिवसाला ४८ झुरके ओढायचे, तेही वर्षभर.