लो गाडी, माळव्याची गिट्टी आणि मड फ्लॅपची कापाकापी : पार्श्वभूमी

इंदुरात लो, म्हणजे जमिनीला जवळजवळ चिकटून चालणारी, स्पोर्ट्स कार घेतली की पहिला पावसाळा संपेपर्यंत पुढच्या चाकामागे, दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या फेंडरच्या फुगवट्यावर बारीक बारीक टवके दिसायला लागतात. कारण सगळ्यांना माहीत आहे, गिट्टी. माळव्याचा दगड बेसाल्टचा, फोडला की त्याला धार येते, आणि डांबर उखडलं की तीच गिट्टी सुटी होऊन टायरच्या खाचेत बसते, वरून काळी माती चिकटते ती निराळी. महू-सिमरोलकडे किंवा धारवरून मांडूला एकदा जाऊन या, परत आल्यावर गाडीच्या कडेला हात फिरवला तरी कळतं. मड फ्लॅप, म्हणजे चाकामागे लटकणारा लवचीक पडदा, लावावा यावर आता कुणी फारसं भांडत नाही. भांडण आहे ते कापण्यावर, किती कापायचा आणि कुठून. ते एवढं का चिघळलं हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

फार जुना भाग पटकन सांगतो. चाकांवर वेगळे, लांबलचक मडगार्ड होते तोवर फ्लॅपची गरजच फार नव्हती. १९३० च्या दशकात आपल्याच इंदूरच्या महाराजांनी अमेरिकन ड्युसेनबर्ग गाडीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, घेऊन लंडनच्या बॉडीवाल्यांकडून दोन सीटची भगवी-काळी स्पीडस्टर बनवून घेतली होती, तिचे फोटो नीट बघा, पुढचे मडगार्ड चाकावरून ओघळत पार मागपर्यंत येतात, म्हणजे चाकानं उडवलेलं बॉडीला लागायच्या आधी मडगार्डच झेलणार. युद्धानंतर मडगार्ड बॉडीतच विरघळले. १९६० च्या दशकात कंबर बारीक आणि मागचा भाग फुगीर असा आकार चालला, त्यात टायर रुंद होत गेले, आणि पुढच्या टायरनं फेकलेला खडा सरळ मागच्या फुगवट्यावर आपटायला लागला. १९७० च्या दशकातल्या पोर्शे ९११ टर्बोच्या मागच्या फेंडरवर, चाकाच्या पुढे, काळे स्टोन गार्ड, म्हणजे दगड झेलणाऱ्या पट्ट्या, असायचे ते याचमुळे. माझ्या मते कंपनीनंच दिलेली ती कबुली होती, की हा आकार दिसायला देखणा आहे पण दगड खाणार.

खरं काम मोटर रॅलीत, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींत, झालं. लो गाड्यांच्या फ्लॅपबद्दल आज जे काही शहाणपण आहे त्यातलं बहुतेक १९७०-८० च्या रॅलींतून आलंय आणि लोक ते विसरतात याचं मला वाईट वाटतं. १९७८ च्या पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीसाठी पोर्शे ९११ उचलून ग्राउंड क्लिअरन्स २८ सेंटिमीटरच्या आसपास नेला होता, म्हणजे तिथे गाडीच उंच केली. पण सगळ्यांना उंच करता येत नाही, बाकीच्यांनी चाकामागे लवचीक पडदे लटकवले. आधी रबर होतं, ते जड, आणि दगडानं फाटायचं. पुढे पॉलियुरेथेन आलं, ते वाकून परत जागेवर येतं आणि सहज फाटत नाही. सुबारूच्या रॅली गाड्यांचे मोठाले फ्लॅप पाहून जगभरच्या पोरांनी आपापल्या गाड्यांना तसे लावले, पण बहुतेकांनी रंग बघितला, माप बघितलं नाही.

मापच तर महत्त्वाचं आहे. जागतिक रॅलीच्या नियमपुस्तकात आडव्या फ्लॅपबद्दल दोन अटी आहेत ज्या आपल्या वादाला थेट लागू पडतात. गाडी उभी असताना, आत कुणी नसताना, फ्लॅपची खालची कड जमिनीपासून १० सेंटिमीटरपेक्षा वर असू नये. आणि चाकांच्या मागे गाडीच्या रुंदीचा किमान एक तृतीयांश भाग मोकळा राहिला पाहिजे. म्हणजे ज्यांनी दगडधोंड्यांत गाड्या पळवल्या त्यांनी फ्लॅप खाली आणायला सांगितलंय, वर कापायला नाही. आपल्याकडे बरोब्बर उलटं झालं.

उलटं का झालं, तर आपल्याकडे फ्लॅप आला तो ट्रक आणि उंच गाड्यांवरून. ट्रकचा जाड रबरी फ्लॅप, मग पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरचे, मग डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि अ‍ॅक्सेसरीवाल्यांकडे तिचे फ्लॅप टांगलेले दिसायला लागले. तो आकार ठरला छोट्या पण जमिनीपासून बऱ्यापैकी उंच गाडीसाठी. नंतर १५-२० वर्षांपूर्वी इंदुरात ऑडी टीटी, बॉक्सस्टर, झेड-फोर अशा गाड्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा फ्लॅप कुठे होता, तोच युनिव्हर्सल घ्यायचा नाहीतर सियागंजच्या बाजारातून रबर शीट आणून कापायची. लावला की पहिल्याच स्पीड ब्रेकरवर घासायचा, खर्रर्र आवाज यायचा, मालक घाबरायचा, आणि दुकानदार कटर काढून बॉडीच्या लेव्हलला सरळ कापून टाकायचा. तिथून रीतच पडली की लो गाडीचा फ्लॅप बॉडीच्या खाली यायला नको.

आता या एका रीतीवर जरा थांबतो, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. टायर दगड फेकतो तो टायरच्या परिघाला स्पर्शून जाणाऱ्या रेषेत. जमिनीला टेकलेल्या जागेच्या अगदी जवळून सुटलेला दगड जवळजवळ आडवा जातो, थोडा वर चढून सुटलेला तेवढ्याच जास्त कोनात. उंच गाडीत दाराखालची पट्टी वर असते, तिला लागायला दगडाला बराच कोन घ्यावा लागतो, असा दगड फ्लॅपच्या मधोमध आपटतो, त्यामुळे फ्लॅप आखूड असला तरी चालून जातं. लो गाडीत तीच पट्टी जमिनीपासून १२-१३ सेंटिमीटरवर, म्हणजे अगदी कमी कोनातला दगडसुद्धा तिला लागतो. फ्लॅप पट्टीच्याच उंचीला कापला तर हे कमी कोनातले दगड त्याच्या खालून जातात आणि थोडं पुढे जाऊन पट्टीच्या खालच्या कडेला आणि तळाला लागतात. फ्लॅप लावलाय असं समाधान मिळतं, टवके चालूच. म्हणून लो गाडीचा फ्लॅप बॉडीच्या खाली काही बोटं यायलाच हवा, हे माझं ठाम मत आहे.

यावर समोरचे म्हणतात, मग स्पीड ब्रेकरचं काय. मुद्दा खोटा नाही. आपल्याकडे स्पीड ब्रेकरचा १९८८ सालचा मापदंड होता, उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, आणि त्यावरून २५ च्या स्पीडनं जाता यावं हा हिशोब. असा ब्रेकर असेल तर लो गाडी हळूच, जरा तिरकी घेतली की निघते. पण कॉलन्यांच्या गल्ल्यांत लोकांनी आपापल्या दारापुढे सिमेंटचे जे उंच उभट गठ्ठे केलेत त्यांना ३.७ मीटरची रुंदीही नाही आणि गोलाईही नाही, तिथे फ्लॅप घासणारच. घासू दे की! पुढचा फ्लॅप गाडी पुढे जाताना मागे वाकतो, मागे मोकळी जागा असते, मटेरियल लवचीक असेल तर त्याला काही होत नाही. आवाज होतो एवढंच, आणि आवाज हे नुकसान नाही. उलट तो आवाज सांगतो की यापुढची पाळी बॉडीची आहे.

मागच्या फ्लॅपचं मात्र वेगळं, तिथे मी आखूड कापायच्या बाजूचा आहे. कारण रिव्हर्स. उतारावरच्या पार्किंगमधून किंवा घराच्या रॅम्पवरून गाडी मागे घेताना मागचा फ्लॅप टायरकडे वाकतो, टायर त्याच्यावर चढतो, आणि पुढच्याच क्षणाला स्क्रूसकट उपटून काढतो, कधी कधी लायनरचा, म्हणजे चाकाच्या वरच्या प्लास्टिक अस्तराचा, तुकडाही सोबत जातो. शिवाय मागच्या फ्लॅपमागे आपल्या गाडीचा बंपर सोडला तर वाचवण्यासारखं थोडंच उरतं, तो मुख्यतः मागून येणाऱ्यासाठी असतो. तर पुढचा लांब, मागचा आखूड, आणि मागच्याचा आतला कोपरा गोल कापलेला. पुढचे-मागचे चारही एका पट्टीत सरळ कापायची जी सवय आहे ती सोडायला हवी, दिसायला सारखं दिसतं म्हणून कापणं हे काही कारण नाही.

जाडीचा मुद्दा याच वादात येऊन मिसळतो. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं पातळ रबर ब्रेकरवर छान वाकतं पण बायपासवर गाडी ९०-१०० ला गेली की वाऱ्यानं उचलून आडवं होतं, म्हणजे गरज असते तेव्हाच गैरहजर. फार कडक प्लास्टिक जागेवर राहतं पण ब्रेकरला अडून स्क्रू ओढतं. चार-पाच मिलिमीटरचं पॉलियुरेथेन मधलं, आणि आता ऑनलाइन सहज मिळतं.

दुसरा मोठा वळसा कायद्याचा. डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्राकडून पत्र निघालं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन. मग जानेवारी २०१९ मध्ये सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल आला की कंपनीनं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. त्यानंतर अ‍ॅक्सेसरीवाले फ्लॅपलाही हात लावायला घाबरायला लागले आणि मालकांनी स्वतःहून काढूनही टाकले. माझं म्हणणं, ही भीती अवाजवी आहे. कलम ५२ चा रोख आरसीतल्या तपशिलांवर आहे, फ्लॅपची नोंद आरसीत नसतेच, आणि कंपन्या स्वतः अधिकृत अ‍ॅक्सेसरी म्हणून फ्लॅप विकतात. नंबर प्लेट किंवा लाइट झाकला तर गोष्ट वेगळी.

या भीतीतून एक चांगली गोष्ट मात्र झाली, बॉडीला भोक पाडणं कमी झालं. आधी सर्रास ड्रिल मारायचे. स्टीलच्या बॉडीत भोकाच्या कडेनं गंज धरतो हे सगळे जाणतात, पण फायबर बॉडीत, म्हणजे १९९६ च्या लोटस एलिससारख्या गाडीत, कडेच्या फार जवळ ड्रिल मारलं किंवा स्क्रू करकचून आवळला की वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा जातात. तिची चॅसी अ‍ॅल्युमिनियमची, तिथे साधा स्टीलचा स्क्रू गेला आणि पाणी साचलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचं वायसर लागतं. आता बहुतेक जण लायनरचे कंपनीचेच स्क्रू काढून त्याच भोकांत जरा लांब स्क्रू घालून फ्लॅप बसवतात.

आणि कापायची पद्धतही यातूनच सुधारली. आधी पुठ्ठ्याचा साचा, तो मास्किंग टेपनं जागेवर चिकटवायचा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर लागतो का बघायचं, मग गाडीत दोन माणसं बसवून परत बघायचं कारण लो गाडी रिकामी आणि भरलेली यात दोन-तीन बोटांचा फरक पडतो. मग फ्लॅप मापापेक्षा मोठा कापून बसवायचा, दोन-चार दिवस चालवायचा, घासल्याच्या खुणा जिथे दिसतील तिथूनच थोडा थोडा काढायचा. इंजिन मागे असलेल्या गाडीत सायलेन्सरकडचा कोपरा पहिल्याच दिवशी काढून टाकायचा, तिथल्या उष्णतेला पॉलियुरेथेन टिकत नाही.