तर्री वेगळी, मेयोनेज वेगळं: अँटिऑक्सिडंट नेमकं बसतं कुठं?

नागपूरकराला तर्री समजावून सांगायची गरज नाही. पातेल्यात खाली चण्याचा रस्सा, वर लालभडक तेलाचा थर. पळीनं कितीही ढवळा, थोड्या वेळात तेल पुन्हा वर. आता शेजारच्या सँडविचच्या ठेल्यावरचं मेयोनेज पाहा. त्यातही तेल आणि पाणीच, तेल तर भरपूर, पण थर कुठंच दिसत नाही.

तेल खवट होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंट घालतात, तेव्हा घोळ होतो तो इथंच. ‘तेल वाचवायचंय ना, मग तेलात छान विरघळणारं घ्या,’ असा सरळ हिशेब मांडला जातो. तर्रीला तो एकवेळ चालेल, मेयोनेजला नाही.

प्रयोगशाळेत पदार्थाची तेलाकडची ओढ मोजतात ती तर्रीच्याच पद्धतीनं: तेल-पाणी एकत्र हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, कुठल्या थरात किती गेलं ते पाहायचं. या गुणोत्तराला विभाजन गुणांक म्हणतात. इथं खोल्या दोनच.

मेयोनेजमध्ये तिसरी खोली असते. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टन करतात. पुस्तकी मराठीत या जागेला आंतरपृष्ठ म्हणतात. मी वेस म्हणतो. ती पातळ असली तरी पसरलेली किती, ते पाहा: १०० मिली तेलाचे एक मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले तर त्यांचं एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर भरतं. म्हणजे बॅडमिंटनची सातेक कोर्टं, एका वाटीभर तेलात!

खवटपणाची सुरुवातही बहुतेक या वेशीवरच होते. काऊन? तेलाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन तयार होणारे रेणू, म्हणजे हायड्रोपेरॉक्साइड, जरा पाण्याकडे ओढ असलेले, म्हणून कडेला सरकतात. पाण्यातले लोहाचे आयन पलीकडून तिथंच येऊन त्यांना फोडतात आणि खवटपणाची साखळी सुरू होते. आपल्या विदर्भातलं जवसाचं तेल तर यात फारच नाजूक, कारण त्यात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं.

मग राखणदार कुठं हवा? समजा, वेशीचा भाग एकूण आकारमानाच्या फक्त १ टक्का आहे आणि घातलेल्या अँटिऑक्सिडंटपैकी ७० टक्के तिथं जाऊन बसलं. तिथली संहती सरासरीच्या ७० पट होते. उलट थेंबाच्या पोटात खोलवर बसलेला रेणू ‘तेलातच’ असतो, पण कामाच्या जागेपासून लांब.

विल्यम पोर्टर या अमेरिकी संशोधकानं १९८० च्या दशकात एक कोडं मांडलं: नुसत्या तेलात ध्रुवीय, म्हणजे पाण्याकडे ओढ असलेली अँटिऑक्सिडंट जास्त चालतात, तर पाण्यात तेलाचे थेंब असलेल्या इमल्शनमध्ये अध्रुवीय. व्हिटॅमिन सी तेलाच्या डब्यात उजवं, व्हिटॅमिन ई इमल्शनमध्ये. नियम सुटसुटीत होता, फार दिवस चालला. मग २००९ मध्ये क्लोरोजेनिक आम्ल या अँटिऑक्सिडंटला वेगवेगळ्या लांबीच्या कार्बनी शेपट्या लावून पाहिल्या गेल्या. शेपटी वाढेल तसं इमल्शनमधलं काम सुधारत गेलं, १२ कार्बनला सर्वांत चांगलं झालं, आणि पुढं धपकन घसरलं. अध्रुवीय तितकं चांगलं, हे इथं मोडलं. फार लांब शेपटीचे रेणू वेस सोडून थेंबाच्या आत जातात किंवा आपापसातच गठ्ठे करतात, असा त्याचा अर्थ लावतात.

हे मोजायचं कसं, हा मला यातला सर्वांत मजेशीर भाग वाटतो. वेस चमच्यानं काढून घेता येत नाही. थर वेगळे करायला गेलात तर वेसच उरत नाही, पुन्हा तर्री. म्हणून इमल्शन न मोडता १६ कार्बनांची शेपटी असलेला एक डायझोनियम आयन त्यात सोडतात. त्याची शेपटी तेलात रुतते, क्रियाशील डोकं वेशीवर राहतं. तिथं अँटिऑक्सिडंटशी त्याची अभिक्रिया किती वेगानं होते, यावरून कुठल्या खोलीत किती माल आहे ते गणितानं काढतात.

एक फसवी जागा राहतेच. इमल्सिफायर, म्हणजे लेसिथिनसारखा थेंबांभोवती वेष्टन करणारा पदार्थ, वाढवला की वेशीवर बसणाऱ्या अँटिऑक्सिडंटचं प्रमाण वाढतं, पण वेसही रुंदावते. वरच्याच उदाहरणात वेस १ ची २ टक्के झाली आणि तिथला वाटा ७० वरून ८० टक्क्यांवर गेला, तरी संहती ७० पटींवरून ४० पटींवर येते.