नॅरोगेजचा लाकडी डबा: मूळ रूप म्हणजे कोणत्या सालचं?

अमेरिकेच्या कोलोरॅडो भागात तीन फुटी, म्हणजे ९१४ मिलिमीटर गेजचं (दोन रुळांमधल्या अंतराचं) मोठं जाळं विणलं ते डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे कंपनीने. जनरल विल्यम पामर यांनी ती १८७० मध्ये स्थापन केली. रूळ जवळजवळ असले की वळणं आवळून घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो, असा हिशेब होता. पहिले प्रवासी डबे डेलावेअरमधल्या जॅक्सन अँड शार्पच्या कारखान्यातून आले. सांगाड्यापासून छतापर्यंत लाकडी.

असा डबा दुरुस्तीला घेताना सगळ्यात आधी साल ठरवावं लागतं, कारण हे डबे एका रूपात कधी राहिलेच नाहीत. सुरुवातीला ते कडी-खिट्टीने जोडत. खिट्टी घालताना ब्रेकमनची बोटं चिरडत, कित्येकांचा जीव गेला. १८९३ च्या कायद्याने स्वयंचलित कपलर, म्हणजे डबे आपोआप जोडणारे सांधे, सक्तीचे झाले आणि हवेच्या ब्रेकचा वापर वाढला. त्यासाठी टोकाच्या तुळया कापल्या, तळाला नवी भोकं पाडली. निकामी दिसणारं असं भोक बुजवण्याआधी त्याचं माप आणि जागा टिपून ठेवावी. डब्याचा इतिहास सांगणारा तेवढाच पुरावा उरलेला असतो. रंगाचंही तसंच: नाण्याएवढा भाग ओल्या पॉलिश पेपरने उतरता घासला की थर वर्तुळांसारखे उघडतात. कोरडं मुळीच घासू नये, जुन्या रंगात शिसं असतं.

गाड्या बंद पडल्यावर बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे, भंगारात गेल्या आणि नुसते सांगाडे शेड म्हणून जमिनीवर टेकले. तिथेच खरं नुकसान झालं. तुळयांच्या सांध्यांत पाणी साचतं, म्हणून कूज खाचांपासून सुरू होते; वरून रंगवलेली तुळई धडधाकट दिसते, पण टोचा सहज आत जातो.

डब्याच्या पोटाखालून लांब लोखंडी सळया जातात. त्यांचे टर्नबकल (सळई ताणणारे आट्यांचे जोड) आवळून मधला झोल काढायचा असतो. मात्र कुजलेल्या तुळईवर सळया ताणल्या तर वायसर लाकडात रुततात आणि ताण टिकत नाही. म्हणून आधी डबा जॅकवर घ्यावा, टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणावी, थोडंथोडं उचलत सरळ करावा. नवं लाकूड बसल्यावरच सळयांना हात लावावा, आणि तोही आळीपाळीने, दर खेपेला अर्धा वळसा. एकच सळई आधी पुरी आवळली तर सांगाडा पिळतो आणि दारं चौकटीत अडकू लागतात.