मास्क सैल झाला तर

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला 'लाईट' (किरणोपचार, म्हणजे रेडिएशन) द्यायची ठरली, तरी मिरजेला पोचलेल्या पेशंटला पहिल्या दिवशी लाईट मिळत नाही. बरोबरचे लोक वैतागतात. पण खरं काम त्याच दिवशी सुरू होतं.

आधी मास्क. जाळीदार प्लास्टिकची शीट सुमारे 70 अंशांच्या पाण्यात टाकली की ओल्या पापडासारखी लवचिक होते. ती निथळून, पेशंटला उताणं झोपवून चेहऱ्यावर ताणतात आणि टेबलाला अडकवतात. काही मिनिटांत ती घट्ट होते. दाढी करूनच यावं. दाढीवर मास्क बेतला आणि नंतर दाढी काढली, तर तेवढी फट राहते. कवळीचं काय करायचं, तेही आधीच विचारावं.

मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो, साधारण 3 मिलिमीटरच्या कापांचा. कुठला भाग किती घन आहे हे त्यातून कळतं आणि त्यावरूनच कॉम्प्युटर डोस मोजतो. दातात चांदी भरलेली असेल तर चित्रावर पट्टे उमटतात आणि घनता चुकीची दिसते. ती हाताने दुरुस्त करावी लागते. मग डॉक्टर एकेका कापावर गाठ, मज्जारज्जू आणि कानाखालच्या लाळग्रंथी आखतात. गाठीला बहुतेकदा 70 ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक), रोज 2 प्रमाणे 35 वेळा. मज्जारज्जूला मात्र साधारण 45 च्या आत, आणि जमेल तिथे लाळग्रंथीची सरासरी 26 खाली. ही धडपड वाया जात नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पारस्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड जुन्या पद्धतीत 74 टक्के पेशंटना होतं, लाळग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटीत (किरणांची तीव्रता जागेप्रमाणे कमी-जास्त करायची पद्धत) 38 टक्के. भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी लागणाऱ्या माणसाला विचारा, हा फरक केवढा!

घोळ होतो तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोंड येतं, गिळवत नाही, वजन उतरतं. मान बारीक होते, मास्क सैल पडतो, डोकं आत हलतं. लाळग्रंथी आक्रसून आतल्या बाजूला, जास्त डोसच्या पट्ट्यात सरकतात. मशीनवरच्या सीटीत हे दिसलं की गरजेप्रमाणे मास्क, स्कॅन, प्लॅन सगळं नव्यानं. म्हणून दर आठवड्याला वजन करा. तिखट बंद, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडून बारीक केलेलं अंडं चालू ठेवा. नाकातून नळी घालायला सांगितली तर अडून बसू नका, तिनेच वजन टिकतं.

मानेवर हळद-तेलाचा लेप नको. हळदीखाली त्वचेची लाली दिसत नाही, आणि जाड थराने त्वचेवरचा डोस वाढतो.

आणि खाडा नको. तासगावकडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी निघाली की चार दिवस घरी जावंसं वाटतं. पण उपचार जितके दिवस लांबतात, तितका उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. दर दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण 1 टक्क्याने घटते. मशीन बंद पडून दिवस बुडालाच, तर तो कसा भरून काढणार हे डॉक्टरांना लगेच विचारा: शनिवारी, किंवा एकाच दिवशी दोनदा, मध्ये किमान 6 तास सोडून.