किलोवॅट आणि किलोवॅट-तास: नॅसकारच्या इलेक्ट्रिक कारवरून होणारा घोळ

अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकारने जुलै २०२४ मध्ये शिकागोत पूर्ण इलेक्ट्रिक स्टॉक कारचा नमुना दाखवला. तीन मोटर्स, मिळून कमाल ताकद १००० किलोवॅट, बॅटरी ७८ किलोवॅट-तासांची. तेव्हापासून या दोन आकड्यांची सरमिसळ चालूच आहे. ‘७८ किलोवॅटची बॅटरी’ असं सर्रास लिहिलं जातं. मग नॅसकारच्या मुख्य ‘कप’ मालिकेची पेट्रोल कार २०२४ मध्ये ६७० अश्वशक्तीची, म्हणजे ५०० किलोवॅटची, आणि ही तिच्या दुप्पट, तेव्हा तिच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचे दिवस भरले, असा निकालही लावला जातो. आकडे बरोबर आहेत, निकाल साफ चूक.

किलोवॅट-तास सगळ्यांच्या ओळखीचा: वीजबिलावरचं एक युनिट. बॅटरीत अशी ७८ युनिटं मावतात. किलोवॅट म्हणजे ती किती झपाट्याने खर्च करता येतात. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, ते हे माप.

पुढच्या गाडीला मागे टाकायला किलोवॅट लागतात, पण शर्यत पुरी करायला युनिटंच लागतात. हिशेब सोपा आहे: युनिटांना किलोवॅटने भागा, ६० ने गुणा, मिनिटं मिळतील. पूर्ण १००० किलोवॅट ओढले तर बॅटरी पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही.

आता डेटोनाच्या ट्रॅकवरची ‘डेटोना ५००’ ही नॅसकारची सगळ्यात मोठी शर्यत घ्या. अडीच मैलांचा ट्रॅक, २०० फेऱ्या. तिथे पेट्रोल कारची ताकद मुद्दाम ५१० अश्वशक्तीवर, म्हणजे सुमारे ३८० किलोवॅटवर आणतात, आणि ॲक्सिलरेटर जवळपास सतत दाबलेला असतो. इलेक्ट्रिक कार तेवढ्याच ताकदीने पळवली तर बारा मिनिटांत बॅटरी रिकामी. ताशी १९० मैलांनी जेमतेम पंधरा फेऱ्या!

पेट्रोलची टाकी २० गॅलनची, म्हणजे ७५ लिटरची. ढोबळमानाने त्यात साडेसहाशे युनिटं ऊर्जा असते. इंजिनाने दोन तृतीयांश उष्णतेत घालवली तरी दोनशेच्या आसपास हाती उरतात. शिवाय पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, हाताने धरलेल्या कॅनमधून ती टाकी दहा-पंधरा सेकंदांत भरते. ७८ युनिटं दहा सेकंदांत भरायला २८,००० किलोवॅटचा चार्जर लागेल! ३५० किलोवॅटच्या चार्जरने अखेरपर्यंत पूर्ण ताकद दिली तरी तेरा मिनिटांच्या वर जातात, आणि तशी ती देता येत नाही: बॅटरी तापते, भरत आली की करंट कमी करावाच लागतो.

म्हणून ‘डेटोना ५०० इलेक्ट्रिक करा’ ही मागणी मला अजिबात पटत नाही. या कारची जागा मार्टिन्सव्हिलसारख्या छोट्या ट्रॅकवर आहे. ०.५२६ मैलांच्या फेरीत दोनदा जोरात ब्रेक लावावा लागतो. पेट्रोल कारच्या ब्रेक डिस्क तिथे लालबुंद होतात. इलेक्ट्रिक कारमध्ये त्याच ऊर्जेचा काही भाग मोटर्स बॅटरीत परत भरतात. डेटोनाला ब्रेकच लागत नाही, तर परत काय मिळणार? छोट्या ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटांच्या, पिटमध्ये न थांबता पळायच्या शर्यतींची स्वतंत्र मालिका काढली तर ती मी आवडीने बघेन.

हायब्रिडला मात्र हा हिशेब लावू नका. तिच्यात पेट्रोलची टाकी असतेच, मोटर फक्त जोडीला. कप मालिकेत २०२२ पासून धावणाऱ्या ‘नेक्स्ट जेन’ कारच्या रचनेत तशा मोटरसाठी सोय आधीच ठेवलेली आहे.